लेकराच्या डोळ्याची सूज आणि उसाचा केवडा



उसाचे पान पांढरेपिवळे पडले की आपण केवडा म्हणतो आणि हिराकस फवारतो. लोह कमी असेल तर पान हिरवे होते. पण गवताळ वाढ असेल तर कितीही फवारा, फुटवे बारीक आणि पांढरेच निघणार. ते बेट उपटावेच लागते. शेतकी खात्याने डोळ्यांवर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. पण लहान मुलांच्या डोळ्यांत नेमका हाच घोटाळा होतो.

मुलाची पापणी लाल होऊन सुजली तर बहुतेक वेळा रांजणवाडी, किडा चावणे किंवा जंतुसंसर्गच असतो. औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडतो. क्वचित मात्र आत गाठ असते. डोळ्याच्या खोबणीत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा नावाचा कर्करोग होतो. नाव जड आहे, विसरले तरी चालेल. लक्षण ध्यानात ठेवा. बहुधा दहा वर्षांच्या आतले मूल, एकाच डोळ्याची सूज दिवसागणिक वाढते, डोळा पुढे किंवा खाली ढकलला जातो, आणि बरेचदा ताप नसतो. ‘खेळताना लागलं असेल’ म्हणण्यातच दिवस जातात.

दुसरी गाठ दृष्टिपटलाची, रेटिनोब्लास्टोमा. २००४ सालच्या ‘श्वास’ चित्रपटातल्या नातवाला हाच रोग होता. बहुधा पाच वर्षांच्या आत होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसते, फोटोतही दिसते. कधी डोळा तिरळा होतो. रोग वाढला की डोळा लाल होऊन सुजतो आणि घरी ‘डोळे आले’ समजून थेंब घालत बसतात.

दोन दिवसांत उतार नसेल तर थेंबांची दुसरी बाटली आणू नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय गाठा. डोळा पुढे आला, फिरेना, नजर मंदावली किंवा बाहुलीत पांढरे दिसले, तर तेवढेही थांबू नका. नुसता संसर्ग असला तरी तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मनाने स्टेरॉइड घालू नका. सूज चार दिवस उतरते, रोग आत तसाच राहतो.

खोबणीतल्या गाठीचा स्कॅन करून तुकडा तपासतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ या भीतीने मूल परत आणू नका. तुकड्याशिवाय औषध ठरत नाही. दृष्टिपटलाच्या गाठीला मात्र सुई लावणे टाळतात, बाहुली मोठी करून आणि सोनोग्राफीने पाहतात. खोबणीतली गाठ पसरण्याआधी सापडली तर औषधे आणि किरणोपचारांनी बहुतेक मुले वाचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आणि गाळपाच्या दिवसांत ‘ऊस तुटू दे, मग बघू’ असे करू नका. तोडणीची पाळी मागेपुढे करता येते, गट कार्यालयात सांगा. टोळीतल्या मजुराचे लेकरू असले तरी सांगा, मुकादमाशी आम्ही बोलू.