खालच्या कप्प्यातली कादंबरी

संध्याकाळी कुठल्याही वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरशी थोडा वेळ थांबलं, तर कादंबऱ्या बहुतेक नावानिशी मागितल्या जातात असं दिसतं. ‘मृत्युंजय’ आहे का, ‘स्वामी’ परत आली का, ‘श्रीमान योगी’ कोणाकडे गेलीय? रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. अशा कादंबऱ्यांना कपाटात बसायला फारशी उसंतच मिळत नाही. एकाने परत केली की काउंटरवरूनच ती दुसऱ्याच्या पिशवीत जाते. म्हणजे ज्यांची नावं आपल्याला आधीच ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी कपाट उघडावं लागत नाही. कपाट आहे ते उरलेल्यांसाठी. तिथे उभं राहूनही आपण ओळखीचीच नावं धुंडाळत बसतो, हे मात्र न उमजणारं आहे. पुस्तकाच्या दुकानात ते समजू शकतं. तिथे तीन-चारशे रुपये मोजायचे असतात, तेव्हा माणूस खात्रीचाच माल घेणार. वाचनालयात अनामत एकदा भरली, महिन्याची वर्गणी दिली की झालं. पुस्तक आवडलं काय, नावडलं काय, रक्कम तेवढीच. फसण्याची भीती नाही, तिथे तरी अनोळखी कादंबरी उचलावी, एवढंच माझं म्हणणं आहे. ती कशी उचलावी, हा पुढचा प्रश्न.

आधी कपाट आपल्याला कसं फसवतं ते पाहू. बरीच ग्रंथालयं ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तकं लावतात. त्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आणि मराठी कादंबरीचा ८९१.४६३. एकदा हा आकडा पडला की १८५७ मधली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आणि गेल्या महिन्यात दाखल झालेली कादंबरी एका रांगेत येतात. पुढचा क्रम लागतो आडनावाच्या आद्याक्षरावर. लहान वाचनालयात कादंबऱ्यांची दोन-तीन कपाटं असतात, तेव्हा ‘श’ आणि ‘स’ शेवटच्या कपाटाच्या तळाशी जातात. सावंतांचं त्यात काही बिघडत नाही, त्यांना नावानेच बोलावणं येतं. नुकसान होतं ते उद्धव शेळक्यांच्या ‘धग’चं आणि विभावरी शिरूरकरांच्या ‘बळी’चं. गुडघे दुखणाऱ्या वाचकाला ती बिचारी दिसतच नाहीत. गंमत अशी की विभावरी शिरूरकर हे मालतीबाई बेडेकरांचं टोपणनाव आणि विश्राम बेडेकर त्यांचे पती. विश्रामरावांची ‘रणांगण’ (१९३९) ‘ब’मध्ये, मालतीबाईंची ‘बळी’ (१९५०) ‘श’मध्ये. एका घरातल्या दोन कादंबऱ्यांमध्ये वर्णमालेने अख्खं कपाट उभं केलं आहे. दुसरी फसवणूक जाडीची. जाडजूड पुस्तकाच्या पाठीवर नाव ठसठशीत बसतं आणि हात आपोआप तिकडे जातो. ‘रणांगण’ किंवा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही अंगाने बारीक पुस्तकं. दोन ठोकळ्यांच्या मध्ये मागे सरकली की वर्ष-वर्ष सापडत नाहीत. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट आणि तीवर जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हा ‘रणांगण’चा ऐवज, धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर आणि मग पडलेला दुष्काळ हा ‘बनगरवाडी’चा. दोन्ही गोष्टी थोडक्या पानांत मावल्या हा त्यांचा गुण, पण कपाटात तोच दोष ठरतो.

तेव्हा हात लांब आत घालावा, खालच्या कप्प्यापाशी बसावं, आणि पुस्तक मधूनच उघडावं. पहिलं पान लेखकाने पुन्हा पुन्हा पुसून लिहिलेलं असतं. मलपृष्ठावरची स्तुती प्रकाशकाची असते. जुन्या पुस्तकाला रेक्झिनची बांधणी चढलेली असेल तर ती स्तुतीही शिल्लक नसते, आणि ते बरंच आहे. साधारण एकतृतीयांश भागात लेखकाचा नव्याचा उत्साह ओसरलेला असतो. तिथे संवाद असलेली दोन पानं सलग वाचावीत. माणसं आपापल्या तोंडाने बोलतात की सगळ्यांच्या तोंडून लेखकच बोलतो, हे तेवढ्यात कळतं. ऐतिहासिक कादंबरीला ही परीक्षा फार लागू पडते: सरदार युद्ध पुकारताना आणि पाण्याचा तांब्या मागताना एकाच सुरात गर्जत असेल, तर उरलेली चारशे पानंही तशीच जाणार. पुस्तक बंद असतानाही थोडं सांगून जातं. पुष्कळ हातांतून गेलेल्या प्रतीच्या पानांच्या कडा पाहाव्यात. त्या सुरुवातीला मळकट आणि पुढे स्वच्छ असतील, तर आधीचे वाचक कुठवर टिकले याचा अंदाज येतो. मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा एवढं सांगू शकत नाहीत. त्या पुस्तक बाहेर गेल्याच्या असतात, वाचल्याच्या नव्हेत.

या रीतीवर पहिला आक्षेप असा की तिने ‘धग’सारखी कादंबरी हातची जाईल. १९६० ची ही कादंबरी विदर्भातल्या एका गरीब शिंप्याच्या घरातली, तिची कौतिक आणि भोवतालची माणसं वऱ्हाडीत बोलतात. पुण्या-मुंबईचा वाचक मधलं पान पाहूनच बिचकायचा. पण म्हणूनच एक नव्हे, दोन पानं, आणि जमलं तर ओठांतल्या ओठांत. पहिल्या पानावर अडणारा कान दुसऱ्या पानावर सरावतो, कारण संदर्भाने शब्द उलगडतात. दोन पानांनंतरही घसा कोरडाच राहिला तर पुस्तक परत ठेवावं, त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एवढा वेळ कोणाला आहे? शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं सांगतं की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, आणि चौथं सांगतं की वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. वरवर पाहता दोन्ही भांडतात. वेळ वाचवायचा तर पुरस्कारांची यादी खिशात ठेवून जावं हे ओघानेच येतं. पण ही यादी कादंबरीच्या वाचकाला कितपत कामाची आहे? साहित्य अकादमी एका भाषेला वर्षातून एक मुख्य पुरस्कार देते, आणि त्यात कविता, समीक्षा, आत्मचरित्र सगळं येतं. ‘कोसला’ने १९६३ मध्ये मराठी कादंबरीचा बाजच बदलला, पण भालचंद्र नेमाड्यांना अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९९१ मध्ये, ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. विश्राम बेडेकरांना १९८५ मध्ये मिळाला तो आत्मचरित्रासाठी. माडगूळकरांना कादंबरीसाठीच मिळाला खरा, पण १९८३ मध्ये ‘सत्तांतर’साठी. यादीवर भरवसा ठेवणाऱ्याच्या हाती ‘कोसला’, ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’ यांपैकी एकही लागत नाही. यादी वेळ वाचवते, पण नेमका कोणता ऐवज गाळून, हे ती सांगत नाही. मधलं पान वाचायला पाच मिनिटं लागतात. भलत्या कादंबरीशी झटापट करण्यात पंधरवडा जातो.

कपाटही अगदी निष्पाप नसतं, हे मान्य. तिथे येणारं पुस्तक शासनमान्य यादीतून, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून, ग्रंथालय समितीच्या पसंतीने किंवा कोणाच्या तरी घरातली अडगळ देणगी म्हणून आलेलं असतं. पण इतक्या वाटांनी आल्यामुळेच त्यात एकाच माणसाची आवड ठासून भरलेली नसते. खरी अडचण होते ती जिथे मुक्तद्वार नाही तिथे. अजून कित्येक वाचनालयांत कपाटं काउंटरच्या पलीकडे असतात, वाचकाने सूचीतून क्रमांक काढून चिठ्ठी द्यायची आणि कर्मचाऱ्याने पुस्तक आणून द्यायचं. तिथे मधलं पान पाहायची सोय नाही असं वाटतं. तरी गर्दी नसलेल्या वेळी जाऊन चिठ्ठीवर एकाऐवजी तीन क्रमांक लिहिता येतात, तिन्ही पुस्तकं काउंटरवरच चाळता येतात आणि दोन तिथल्या तिथे परत करता येतात. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.