मुंबईला निघालात? आधी मुक्काम ठरवा

रात्री मिरज स्टेशनवर महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट पाहणाऱ्या माणसांकडे जरा लक्ष देऊन पाहा. कुणी नोकरीवर परतणारे असते, कुणी लग्नाला निघालेले. पण त्यांच्यात एखादे कुटुंब असे दिसतेच, ज्याने कपड्यांच्या बॅगेपेक्षा रिपोर्टांची पिशवी जास्त जपून धरलेली असते. हे लोक ‘मोठ्या दवाखान्याला’ निघालेले असतात.

काही वर्षांपूर्वी त्याच फलाटावर मी माझ्या खालाला घेऊन उभी होते. इथल्या डॉक्टरांनी ‘एकदा टाटाला दाखवून या’ असे सांगितले होते. तिकीट होते, पैसे होते, दोन वेळच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. उतरल्यावर राहायचे कुठे, एवढेच ठरले नव्हते. “मुंब्र्याला तुझ्या मामेभावाचे घर आहे की,” खाला म्हणाली आणि विषय संपला.

मामेभावाने आणि भाभीने अगदी मनापासून घेतले. पण घर म्हणजे एक खोली आणि मोरी. त्यात ते पाच जण, थोरलीची दहावी. आम्हाला वाटले होते, तीन दिवसांत तपासण्या उरकतील. तीन आठवडे लागले. रोज पहाटे मुंब्र्याहून गर्दीच्या लोकलने दादर, तिथून परळ. भाभीने कधी कपाळाला आठी पाडली नाही. तरी एके दिवशी डॉक्टरांनी खालाला विचारले, “पाणी का पीत नाही तुम्ही? औषध चालू असताना भरपूर पाणी पोटात गेले पाहिजे.” खाला गप्प राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “रात्री उठायचे म्हणजे चौघांना ओलांडून जावे लागते. पोरीची झोप मोडते.”

त्या दिवशी मला कळले की मुक्कामाचा प्रश्न हा उपचाराचाच एक भाग आहे.

दुसऱ्या दिवशी मी लॉज शोधायला निघाले. एका ठिकाणी फोनवर ‘खोली आहे, या’ म्हणाले. काउंटरवर आधार कार्ड ठेवले, त्यावरचे नाव वाचले आणि खोली ‘आत्ताच भरली’. असा अनुभव घेतलेली मी एकटी नाही, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. शेवटी रुग्णालयातल्या समाजसेविकेने दादरच्या एका धर्मशाळेच्या नावाने चिठ्ठी दिली. खाला घुटमळली. “धर्मशाळा? आपल्याला घेतील का?” तिथे फाइल पाहिली, आधार पाहिले, खाट दाखवली. दुसरे काही विचारले नाही. शेजारच्या खाटेवर बीडकडच्या एक आजी होत्या. खालाने मगरिबसाठी जानमाज काढली तेव्हा त्यांनी आपली ट्रंक सरकवून जागा करून दिली आणि मुलाला म्हणाल्या, “रेडिओ बारीक कर.”

मुसाफिरखाना आपल्याला नवा नाही

धर्मशाळेत राहायला आपल्या घरांतून संकोच वाटतो. मदत घेतली असे होईल, लोक काय म्हणतील, ही भीती असते. पण परगावच्या माणसासाठी सार्वजनिक निवारा बांधणे ही आपली जुनी रीत आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना आजही त्या परंपरेची आठवण देतो. हज जहाजाने व्हायचा तेव्हा गावोगावचे हाजी मुंबईत येऊन जहाजाची वाट पाहत मुक्काम करत. त्यांच्यासाठी मुंबईच्या दानशूर मेमन कुटुंबांनी मुसाफिरखाने उभे केले. 1995 नंतर समुद्रमार्गे हज बंद झाला आणि सीएसएमटीजवळचे हज हाउस हाजींचे ठिकाण झाले. आपल्या आजोबांपैकी कितीतरी जण अशाच मुसाफिरखान्याच्या फरशीवर झोपून हजला गेले. त्यांना कुणी ‘लाचार’ म्हटले नाही. ते मुसाफिर होते.

इतरांचीही हीच रीत होती. गोव्याहून मुंबईला येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांचे गावागावांचे ‘कूड’ होते. आपल्या साताऱ्याकडचे गिरणी कामगार लालबाग-परळला गावकीच्या खोल्यांत राहत. अनोळखी शहरात गावाने गावाला धरून राहायचे, असा तो हिशेब होता.

ज्या गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आज दादरला कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते, ते तर आपल्या भागाला परके नाहीतच. कराडच्या कॉलेजला त्यांचेच नाव आहे. त्यांचे स्नेही कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जाती-धर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. एका छपराखाली राहणे आणि एका पंगतीला जेवणे हा धडा साताऱ्याने तेव्हाच गिरवला आहे.

निघण्याआधी

पहिली गोष्ट, मुंबईला जाणे खरेच गरजेचे आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मिरजेत आणि कराडला मोठी रुग्णालये आहेत, कॅन्सरवरचे उपचारही होतात. कधी कधी मुंबईत निदान आणि उपचाराची दिशा ठरवून घेऊन पुढची केमो घराजवळ घेता येते. हे पहिल्या भेटीतच विचारायचे असते.

दुसरी गोष्ट, नेमके कुठे जायचे ते समजून घ्या. टाटा मेमोरियल हे 1941 साली सुरू झालेले रुग्णालय परळला आहे. त्याच संस्थेचे दुसरे मोठे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि काही रुग्णांना तिकडे पाठवतात. परळजवळ खोली घ्यावी आणि उपचार खारघरला निघावेत, अशी फजिती होते. म्हणून पहिल्या तपासणीपुरती दोन-तीन दिवसांची सोय करा, लांबचा मुक्काम त्यानंतर ठरवा.

तिसरी गोष्ट, कागद. रुग्णाचे आणि सोबत्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड, सगळे जुने रिपोर्ट आणि बायोप्सी झाली असेल तर तिच्या स्लाइड आणि ब्लॉक. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो.

प्रवासाचे म्हणाल तर महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा करत सकाळी मुंबईत पोचते. कोयना एक्सप्रेस दिवसाची आहे, ती मुंबईला पोचेपर्यंत रात्र होते. मुक्काम ठरलेला नसेल तर कोयनेने जाऊ नका. रात्री अनोळखी ठिकाणी रुग्णाला घेऊन हिंडण्यासारखे हाल नाहीत. सातारकरांनी एवढे लक्षात ठेवावे की स्टेशन माहुलीला, शहराबाहेर आहे, आणि गाडी रात्री उशिरा येते. रिक्षा आधीच सांगून ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट पूर्ण माफ असते, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्याच भेटीत तो मागून घ्या, परतीला उपयोगी पडेल. एसटीने जाणाऱ्या महिलांना निम्मे तिकीट आहेच.

कुठे विचारायचे

टाटा रुग्णालयात गेल्यावर नोंदणी झाली की वैद्यकीय समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा. राहण्याची जागा, औषधांना मदत, सरकारी योजना यांची माहिती तिथे मिळते. बहुतेक धर्मशाळांना रुग्णालयाची फाइल, आधार आणि या विभागाची चिठ्ठी लागते.

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन ही परगावच्या रुग्णांसाठीची जुनी ठिकाणे आहेत. वांद्र्याला टाटा रुग्णालयाचे स्वतःचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती गृह आहे. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांबद्दल विचारा. 2006 साली सुरू झालेल्या या संस्थेत उपचार चालू असलेल्या मुलाला आई-वडिलांसह राहायला मोफत खोली देतात आणि सामाईक स्वयंपाकघर असते. तिथे रुग्णालयामार्फतच जाता येते.

सगळीकडे गर्दी असते, नंबर लागेलच असे नाही. म्हणून एकाच ठिकाणावर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी नाव द्या. नंबर लागला नाही म्हणून परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबे आपण पाहतो. त्यातल्या काहींना विचारायचे कुणाला, एवढेही माहीत नसते. ‘लगेच खाट मिळवून देतो’ म्हणत गेटबाहेर किंवा स्टेशनवर भेटणाऱ्या माणसाच्या मागे जाऊ नका. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

लोकलने जायचे असेल तर सकाळी आठ ते अकरा रुग्णाला घेऊन चढू नका. दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कॅन्सर रुग्णांनाही बसता येते, कागद जवळ ठेवा.

नातेवाइकांकडे उतरायचे असेल तर जरूर उतरा, पण मर्यादा ठेवून. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा आणि यजमानाची अडचण होईल इतके राहू नये, ही शिकवण आपल्याला नबी-ए-करीम (स.अ.) यांनीच दिली आहे. तीन दिवस राहून सोय होताच निघालात तर नातेही गोड राहते आणि रुग्णालाही मोकळेपणाने पाणी पिता येते.

नमाज, रोजा आणि मुसाफिर

सातारा-सांगलीहून मुंबई म्हणजे शरई सफर आहे. हनफी मसलकाप्रमाणे पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याची नियत असेल तर जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. शाफई मसलकात ही मुदत येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची आहे. मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही. मुसाफिराला आणि आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. रमजानमध्ये केमो घेणाऱ्या कितीतरी आया-बहिणी हट्टाने रोजा धरतात आणि डॉक्टरांपासून लपवतात. अल्लाहने दिलेली सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. शंका असेल तर आलिमांना विचारा, पण डॉक्टरांपासून काही लपवू नका.

मोहल्ल्याने काय करावे

सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेवरचा मुसाफिर. आपण जकात काढताना यतीम, विधवा, मदरसा यांची आठवण ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण परक्या शहरात पैसे संपलेला आपल्याच गल्लीतला माणूस आपल्या यादीत क्वचित येतो. यंदा जमातीच्या बैठकीत हा विषय काढा. ज्याला जकात लागू होते त्याला जकातीतून आणि इतर कुणालाही सदक्यातून मदत करता येईल.

त्याहून सोपे आणि बिनपैशाचे काम म्हणजे मशिदीत एक वही ठेवणे. मुंबईला उपचाराला जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाने तिच्यात लिहावे: कुठे राहिलो, कोणते कागद लागले, दिवसाला किती खर्च आला, जेवण कुठे मिळाले. आपल्या गावचा, मुंबईत राहणारा एखादा तरुण गरजू कुटुंबाला पहिल्या दिवशी स्टेशनवर भेटायला तयार असेल, तर त्याच्या संमतीने त्याचा नंबरही तिच्यात असावा. पहिला दिवसच सर्वांत अवघड असतो.

आणि हे फक्त जाणाऱ्यांपुरते नाही. मिरज स्वतःच दवाखान्यांचे गाव आहे. कर्नाटकातून, सोलापूरकडून रुग्ण इथे येतात आणि त्यांचे नातेवाईक रात्री रुग्णालयाच्या आवारात पेपर अंथरून झोपतात. मीरासाहेबांच्या उरुसाला लांबून आलेल्यांना आपण जेवायला घालतो. वर्षभर येणारे हे पाहुणे मात्र आपल्या नजरेतून सुटतात.

खाला आता बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह. सहा महिन्यांनी तपासणीला जाते, तेव्हा धर्मशाळेतच उतरते आणि एक दिवस मुंब्र्याला जेवायला जाते. भाभी तिची वाट पाहत असते.