दहाचं नाणं आणि रोखपालाचा दिवस

सकाळी 9.30 : औंढा-वसमत रस्त्यावर शिरड शहापूरला एसटीतून उतरतो. बँकेच्या शाखेत आधी तिजोरी. तिला दोन किल्ल्या लागतात, एक शाखाधिकाऱ्यांची, एक माझी. नोटा मोजून गल्ल्यात, नाण्यांच्या थैल्या पायाशी.

10.00 : काउंटर सुरू. पगार, पीककर्ज, निराधारांचं अनुदान. दोन तास मान वर होत नाही.

12.00 : हॉटेलवाले चिल्लरीची पिशवी ठेवतात. “साहेब, दहाचं नाणं गिऱ्हाईक घेईना अन् व्यापारीबी घेईना.” मी दोन नाणी शेजारी ठेवतो. एकावर ₹ चिन्ह, दुसऱ्यावर नाही. एकावर 10 रेघा, दुसऱ्यावर 15. दोन्ही खरी. 17 जानेवारी 2018 रोजी रिझर्व्ह बँकेनं दहाच्या नाण्याचे 14 नमुने जाहीर केले, सगळे चालतात. मग सालाखालची खूण दाखवतो : चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, खूण नसेल तर कोलकाता. नाणी केंद्र सरकार या चार टांकसाळींत पाडतं, रिझर्व्ह बँक ती वाटते. हॉटेलवाले पिशवी खात्यात भरतात, पण चार नाणी आपल्या गल्ल्यासाठी परत नेतात. तेवढ्यानंही बरं वाटतं.

2.30 : एक आजोबा फडक्यातून चारमिनार छाप रुपया काढतात. निजामाच्या राज्यातला हाली शिक्का. 1950 नंतर 7 हालीला 6 कलदार, म्हणजे भारतीय रुपये, असा भाव होता. 1959 मध्ये हाली चलनातून बादच झाला. “बदलून मिळत नाही बाबा, पण चांदी आहे. घाईनं कुणाला विकू नका.”

4.00 : व्यवहार बंद, मोजणी सुरू. एक, दोन, पाच, दहा असे ढीग लावून शंभर-शंभर नाण्यांच्या पुड्या बांधतो. मध्येच आठ आण्याचं नाणं निघालं तर तेही घेतो, ते आजही कायदेशीर आहे. 30 जून 2011 पासून बंद झालं ते चार आण्यांचं आणि त्याखालचं.

5.30 : हिशेब जुळला, दोन्ही किल्ल्या फिरल्या.

शिरडच्या दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना हात जोडून सांगणं आहे. 2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात 1000 रुपयांपर्यंत वैध आहेत. बँकेत भरायला तर मर्यादाच नाही. दहाचं नाणं नाकारू नका. साठलं तर बँकेत आणा, आम्ही मोजून घेऊ.