भिंतीला थंडी वाजते का?

रमजानचा महिना अर्ध्यावर आला की आमच्या मुदखेडात घरोघरी पेट्या उघडतात. दिवाळीच्या आधी शेजारच्या घरात जे चालतं, तेच ईदच्या आधी आमच्याकडं. डबे घासायचे, पडदे धुवायचे, कोनाडे पुसायचे आणि वर्षभर पेटीत दाबून ठेवलेल्या कपड्यांना एकदा ऊन दाखवायचं.

यंदा लेकीनं बैठक सजवायचं मनावर घेतलं होतं. तिनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. पांढरीशुभ्र भिंत, भिंतीवर तुकड्या-तुकड्यांची रंगीत गोधडी टांगलेली आणि खाली चार आकडी किंमत. "अब्बू, असं काहीतरी मागवू या ना."

मी म्हटलं, "ही तर आपल्या पेटीत आहे."

खरंच होती. तळाशी, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात. अम्मीनं पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी शिवलेली. आम्ही ती बाहेर काढली, झटकली आणि भिंतीवर कुठं खिळा ठोकायचा याची चर्चा सुरू केली. तेवढ्यात तख्तावर तस्बीह घेऊन बसलेली अम्मी म्हणाली, "दीवार को थंडी लगती क्या?"

भिंतीला थंडी वाजते का? या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. खिळा राहिला. गोधडी मात्र तख्तावर पसरली गेली, आणि मग ती नीट बघणं झालं.

एका कोपऱ्यात वरचं कापड विरलं होतं आणि आतून हिरवट काठ डोकावत होता. इरकली लुगड्याचा काठ. आमच्या घरात कुणी लुगडं नेसत नव्हतं. मी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, ते शेजारच्या काकूंचं. माझी धाकटी बहीण झाली तेव्हा काकूंनी आपलं जुनं, धुऊन-धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं लुगडं बाळाच्या दुपट्यासाठी दिलं होतं. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं, हे ज्ञान सगळ्या आयांना सारखंच असतं. बहीण मोठी झाली आणि दुपटं गोधडीच्या पोटात गेलं. त्याच्यावर अब्बांच्या रेल्वेच्या खाकी पँटी, दादीचे सुती पायजमे, माझा शाळेचा सदरा. मी म्हटलं, आता फाटत चाललीय. अम्मी म्हणाली, "फेको नक्को. अख्खा मोहल्ला है इसमें."

अम्मी गोधडी शिवायला बसायची ती रमजानच्या दुपारी. एरवी बाईच्या जातीला दुपार कुठली? रोजात मात्र चूल थंड असते, जोहरच्या नमाजपासून असरपर्यंत दोन-तीन तास हाताला रिकामे. मोहल्ल्यातल्या बाया ओसरीवर जमायच्या. रोजा नसलेल्या काकूही यायच्या आणि आमच्यासमोर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. सारवून वाळलेल्या जमिनीवर आधी एक धड कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा. त्यावर जुन्या कपड्यांचे थर, उसवून, बटणं काढून, शिवणी मोडून. मध्ये खळगा राहिला तर तिथं ठिगळ. वर पुन्हा एक चांगलं कापड. मग कडेनं सुरुवात करून आत-आत जात धावदोरा घालायचा. टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच धुण्यात आतली कापडं गोळा होतात.

माझं काम सुईत दोरा ओवायचं. लहान मुलांचे डोळे तेज म्हणून एकेका पोरापुढं पाच-सहा सुया ठेवलेल्या असायच्या. आमच्या मुदखेडाला सुईदोऱ्याचं तसंही वावडं नाही. हा सगळा पट्टा फुलशेतीचा. ओसरीवर एकीकडं गोधडी आणि दुसरीकडं मोगऱ्याचे गजरे, असं दृश्य मी पाहिलेलं आहे.

वर्गात भाषा शिकवताना मला ही ओसरी नेहमी आठवते. मराठीतली 'गोधडी' आणि उर्दूतली 'गुदडी' या एकाच घरच्या. गरिबाघरी गुणी लेकरू निघालं तर उर्दूत त्याला 'गुदडी का लाल' म्हणतात, गोधडीत दडलेलं माणिक. आणि घरसजावटीचे आपले मराठी शब्द उलगडून बघा. चादर, अस्तर, पडदा, गालिचा, कशिदा हे फारसीच्या वाटेनं आले. नक्षी आणि मखमल यांचं मूळ अरबीत. रुमाल म्हणजे 'रू' पुसणारा, रू म्हणजे चेहरा. सुई, दोरा, टाका आणि उशी मात्र इथल्याच मातीतले. उशीवर नक्षीचा रुमाल टाकला की आपण किती भाषा अंथरल्या, हे आपल्या लक्षातही येत नाही. टाका आरपार गेलेला आहे.

जोडलेल्या चिंध्यांना आपल्याकडं मान होता. सूफी फकिरांच्या अंगावर ठिगळांचा 'खिरका' असायचा. ठिगळ लावलेल्या वस्त्राला 'मुरक्का' हा अरबी शब्द आहे, आणि गंमत म्हणजे मोगलांच्या काळात वेगवेगळी चित्रं नि सुलेखनाची पानं जोडून केलेल्या संग्रहालाही मुरक्काच म्हणत. इकडं गाडगेबाबा चिंध्या जोडलेलं वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारत फिरले. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. कुणाच्या कवंदीत क्रूस दिसतो, कुणाच्या चंद्रकोर, पण चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुला' सगळ्याच लावतात. त्याशिवाय कवंदी उघडी-बोडकी वाटते म्हणे.

आपला भागही हातांनी काही कमी नाही. उदगीर ओलांडलं की बीदर. जस्तात थोडं तांबं मिसळून घडवलेल्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवायची आणि बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती व नवसागर वापरून धातू काळाभोर करायचा, की चांदी तेवढी चमकत राहते. ती बिदरी. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर बंजारा बायांच्या कशिद्यात आरसे आणि कवड्या. यातलं काहीही आपल्याला नवं नाही. फक्त ते आपल्या बैठकीत दिसत नाही.

का दिसत नाही, याचं उत्तर मला माझ्यापुरतं माहीत आहे. कॉलेजसाठी मी पहिल्यांदा वसतिगृहात गेलो तेव्हा अम्मीनं हीच गोधडी बांधून दिली होती. इतर मुलांकडं पानिपतचे मऊ, वाघा-मोरांची चित्रं असलेले ब्लँकेट होते. मी दुसऱ्याच दिवशी एक चादर विकत आणली आणि गोधडी तिच्याखाली लपवली. तीन वर्षं तिची ऊब घेतली, पण ती कुणाला दिसू दिली नाही.

पुढची चूक जास्त मोठी. चार-पाच वर्षांपूर्वी अम्मीची नजर कमी झाली म्हणून मी एका बाईंकडून गोधडी शिवून घेतली. कपडे आमचे, दोरा आणि मेहनत त्यांची. त्यांनी 800 रुपये मागितले. मी, महिन्याला पगार घेणारा माणूस, घासाघीस करून 500 वर आणलं. त्या म्हणाल्या, "बरं सर, द्या." मला वाटलं, छान व्यवहार झाला.

यंदा गोधडी तख्तावर पसरलेली असताना लेकीनं सहज टाके मोजायला घेतले. गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद. टाक्यांच्या रांगा अर्ध्या इंचावर, म्हणजे 96 रांगा. एका इंचात तीन टाके धरले तर 72 इंचांच्या एका रांगेत 216. एकूण 20,736. मग मी मनात तो जुना हिशेब मांडला. त्या बाईंच्या गोधडीत टाके एवढेच असणार. त्या एका टाक्याला चार पैसेही मागत नव्हत्या. मी अडीच पैसेही दिले नाहीत.

मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आम्ही दर रमजानला ऐकतो. मजुरी वेळेत दिली होती, हे खरं. पण पुरेशी दिली होती का, हा प्रश्न वीस हजार टाके मोजेपर्यंत मला पडला नव्हता. हाताच्या कामाला आपण 'घरगुती' म्हणतो आणि त्याची किंमत तिथंच पडते. तेच काम दूरच्या शहरात पांढऱ्या भिंतीवर टांगलं, की 'हँडमेड' होतं.

तर या ईदला आमच्या घराची सजावट अशी ठरली आहे. दिवाळीला तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

गोधडी भिंतीवर जाणार नाही. विरलेल्या कोपऱ्यावर अम्मीच्या जुन्या ओढणीचं ठिगळ लागेल, मात्र इरकली काठ बोटभर दिसेल एवढी जागा सोडून. ती तख्तावर अंथरली जाईल आणि ईदचे पाहुणे तिच्यावरच बसतील.

दस्तरखान घरी शिवायचा. जुन्या सुती चादरीचे दोन थर, कडेनं साडीचे काठ. नवं कापड लावायचं तर आधी कोमट पाण्यात भिजवून वाळवावं, नाहीतर नंतर ते आटतं आणि शिवण चुण्या धरते. रंगीत तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघावा. रंग उतरला तर तो तुकडा बाजूला. उरलेल्या काठांचं दाराला तोरण, मध्ये एकेक आरसा. खिडकीला सुती ओढणीचा पडदा. जुन्या माठाला गेरू आणि त्यावर चुन्याची नक्षी. फुलं तर आपल्या गावचीच.

आणि ज्याला शिवता येत नाही, त्यानं शिवून घ्यावं. फक्त भाव करण्याआधी एक वीत जागेतले टाके मोजावेत.

परवा मी त्या बाईंकडं गेलो. उश्यांचे अभ्रे आणि दस्तरखान शिवायला दिला, आणि मागचे 300 रुपये पुढं केले. त्यांना काही आठवेना. त्या म्हणाल्या, "सर, ते तर तेव्हाच मिटलं." मी टाक्यांचा हिशेब सांगितला तेव्हा हसल्या. पैसे घेतले, कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "एवढे टाके घालते व्हय मी? कुणी मोजलेच नव्हते."

घरी आलो तर अम्मी आणि लेक तख्तावर कोपरा शिवायला बसल्या होत्या. इफ्तारला तासभर होता. मी सवयीनं सुई उचलली, दोरा जिभेवर ओला करायला नेला, रोजा आठवला म्हणून थांबलो, आणि मग तीनदा प्रयत्न करूनही दोरा ओवता आला नाही. लेकीनं हातातून सुई काढून घेतली.