गाडी बैलाला मागे ओढते, तरी ती चालते कशी?

‘प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध दिशेने प्रतिक्रिया असते.’ न्यूटनचा हा तिसरा नियम पाठ नाही असा विद्यार्थी विरळाच. पण त्यावर थोडा विचार करू लागले की अडचण उभी राहते. बैल गाडीला ज्या बलाने पुढे ओढतात, तितक्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग दोन्ही बलांची बेरीज शून्य व्हावी आणि गाडी जागची हलताच कामा नये! हंगामात उसाच्या गाड्या तर कारखान्याकडे जाताना दिसतात. तेव्हा चुकतो कोण, नियम की आपण?

गंमत अशी, की अशाच प्रकारचे उदाहरण खुद्द न्यूटननेच दिले आहे. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात तो म्हणतो की, घोडा दोराने बांधलेला दगड ओढू लागला, तर घोडाही तितकाच दगडाकडे ओढला जातो.

गोंधळाचे थोडे मूळ आपल्या शब्दांतही आहे. ‘प्रतिक्रिया’ म्हटले की आधी काही घडले आणि मागाहून त्याला उत्तर मिळाले, असे वाटते. येथे आधी-नंतर काही नाही. दोन्ही बले एकाच क्षणी निर्माण होतात व एकाच क्षणी नाहीशी होतात. प्रयोगशाळेतील दोन तानकाटे एकमेकांत अडकवून ताणून पाहा. एकानेच जास्त बल दाखवावे म्हणून कितीही खटपट केली, तरी दोन्ही वाचने सारखीच येतील.

आता कोड्याकडे वळू. बेरीज करायची ती एकाच वस्तूवरील बलांची. बैलांची ओढ गाडीवर आहे, गाडीची ओढ बैलांवर. रामाच्या खात्यातील जमेतून गोविंदाचा खर्च वजा करून रामाची शिल्लक निघत नाही!

समजा, भरलेली गाडी २,००० किलोग्रॅमची आहे, बैलजोडी ८०० किलोग्रॅमची आणि गाडीला होणारा रस्त्याचा व आसाचा रोध १,००० न्यूटन आहे. बैलांनी १,२०० न्यूटन बल लावले, तर गाडीवर २०० न्यूटन शिल्लक उरते व तिला ०.१ मीटर/सेकंद² त्वरण मिळते. बैलांनाही तेच त्वरण हवे, म्हणजे त्यांच्यावर ८० न्यूटन बल पुढच्या दिशेने उरले पाहिजे. पण गाडी तर त्यांना १,२०० न्यूटनने मागे ओढते आहे! तेव्हा कोणीतरी त्यांना १,२८० न्यूटनने पुढे रेटायला हवे. हे काम जमीन करते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना तितकेच पुढे रेटते. क्रिया-प्रतिक्रियेची ही दुसरी जोडी कोड्यात सोयिस्करपणे विसरली जाते.

गाडी एकदा चालू लागली की १,००० न्यूटनची ओढ पुरते. तेव्हा गाडीवरील बलांची बेरीज खरोखरच शून्य असते, तरी ती थांबत नाही. तिचा वेग फक्त बदलत नाही. पुष्कळांना हे तिसऱ्या नियमाहूनही अवघड जाते.

पावसाळ्यात याची परीक्षा होते. चाक रुतले की रोध वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी निसरड्या चिखलात खूर घसरतात. बैल कितीही ताकदीचे असोत, मागे रेटायला पक्की जमीन नसेल तर पुढे रेटणारेही कोणी नाही. मग गाडीवान चाकापुढे दगड किंवा फळी टाकतो. बैलगाडीचे चाक स्वतः गाडी ओढत नाही, म्हणून तेथे फळीचे काम रोध कमी करणे एवढेच. रुतलेल्या एस.टी.च्या मागच्या चाकाखाली गोणपाट घालतात त्याचे कारण मात्र वेगळे आहे. इंजिनाने फिरणारे ते चाक बैलाच्या खुराचे काम करते. त्याला रस्ता मागे रेटायचा असतो. पकड मिळाली नाही तर ते रस्त्याऐवजी चिखलच मागे फेकते. बस ढकलायला उतरलेल्या प्रवाशांनी आपले पाय कोरड्या जागी रोवावेत, कारण त्यांनाही जमीनच पुढे रेटणार. आणि शक्य तर चाकाच्या बरोबर मागे उभे राहू नये.