प्राणवायूला भिणारे विकर

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. तो जसा आत जातो, तसाच बाहेर येतो. प्रथिने आणि डीएनए नायट्रोजनवाचून घडत नाहीत. तरीही हवेतला नायट्रोजन कोणत्याही वनस्पतीला वा प्राण्याला स्वतःच्या बळावर वापरता येत नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध तोडण्याची विद्या काही जीवाणू आणि आर्किया यांच्याकडेच आहे. मी विज्ञानाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही; शेतीवरची पुस्तके वाचता वाचता या विद्येच्या मागे लागलो आणि पेशीच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

हे काम नायट्रोजिनेज नावाचे विकर करते. ३२० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून ते तेव्हाही कार्यरत असावे असे दिसते. त्या काळी हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. पुढे सायनोबॅक्टेरिया सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करू लागले आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू वातावरणात साठू लागला. नायट्रोजिनेज मात्र प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. मग प्राणवायूने भरलेल्या जगात ते टिकले कसे?

विकराचा मूळ स्वभाव बदलला नाही. त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलली. अ‍ॅनाबिना या सायनोबॅक्टेरियमच्या माळेत काही पेशी जाड कवच धारण करतात आणि प्राणवायू तयार करणे बंद करतात. शेजारच्या पेशी त्यांना साखर पुरवतात, त्या बदल्यात नायट्रोजन देतात. अशी पेशी पुन्हा कधी विभागत नाही.

भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी ही दुसरी व्यवस्था. गाठींतले जीवाणू डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ साली वेगळे करून दाखवले. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात. हा खर्च झाड आपल्या साखरेतून भागवते. शिवाय आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे नातलग असलेले लेगहिमोग्लोबिन गाठीतला प्राणवायू धरून ठेवते. जीवाणूंच्या श्वसनाची सोय होते, विकरही वाचते. खतकारखान्यात हाच बंध तोडण्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो.

तिसरी व्यवस्था पेशीच्या आतली. आपल्या पेशींतल्या तंतुकणिका आणि वनस्पतींतली हरितलवके एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होती, हे लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये आग्रहाने मांडले. तसेच काहीसे नायट्रोजनच्या बाबतीतही घडल्याचे २०२४ मध्ये समोर आले. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या सागरी शैवालात राहणारा जीवाणू आता शैवालाकडून प्रथिने घेतो आणि त्याच्याबरोबरच विभागतो. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. तो सायनोबॅक्टेरियाच्या कुळातला, पण प्राणवायू तयार करणारी यंत्रणा त्याने गमावली आहे.

पेशीच्या इतिहासात प्रत्येक विद्या प्रत्येकाने नव्याने शिकलेली नाही. ज्याला येत होती, त्याला सोबत घेतले गेले. ही सोबत मात्र हिशेबी आहे. जमिनीत नायट्रेट मुबलक असेल, तर कडधान्ये मुळांवर गाठी कमी धरतात. फुकट मिळत असताना झाड साखर कशाला खर्चील? पिकाला न लागलेले नायट्रेट पाण्याबरोबर विहिरीत उतरते, किंवा पाणथळ मातीतले दुसरे जीवाणू त्याचा वायू करून हवेत परत धाडतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड पृथ्वीचे तापमान वाढवतो. म्हणून युरियाची गोणी उघडण्यापूर्वी मुळांशी काय चालले आहे, हे पाहायला हवे.

ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवाळीनंतर हरभरा फुलोऱ्यावर येईल, तेव्हा एक झाड मातीसकट अलगद काढावे आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला, तर काम चालू आहे असे समजावे.