लास पिन्यासचा बांबू ऑर्गन : वर्गणी नेमकी कशासाठी?

फिलिपिन्सची राजधानी मनिला. तिच्या दक्षिणेचं लास पिन्यास हे एके काळचं मच्छीमारांचं आणि मिठागरांचं गाव आज महानगरात मिसळून गेलं आहे. तिथल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये एक ऑर्गन आहे. ऑर्गन म्हटलं की मराठी रसिकाला संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो, पण ती पेटीचीच थोरली बहीण. तिचा आवाज धातूच्या पातळ पट्ट्यांचा. चर्चमधला मोठा ऑर्गन नळ्यांचा असतो. भात्यातली हवा एकेका नळीत शिरते आणि प्रत्येक नळी आपला एकच सूर देते. थोडक्यात, एका भात्यावर पोसलेला अलगुजांचा कबिला. लास पिन्यासमध्ये ही उपमा जवळजवळ शब्दशः खरी आहे, कारण तिथल्या 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या आहेत. दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने 1816 मध्ये काम सुरू केलं. कीड लागू नये म्हणून बांबू कित्येक महिने वाळूत पुरून ठेवले. कर्ण्यासारखा खणखणीत आवाज काही बांबूतून निघेना, तेव्हा त्या 129 नळ्या त्याने धातूच्या केल्या आणि 1824 मध्ये वाद्य पुरं झालं. पाण्यात बुडवलेल्या छोट्या नळ्यांतून पाखरांची किलबिल काढण्याची हौसही त्याने भागवून घेतली.

पुढे 1880 चा भूकंप आणि 1882 चं वादळ यांनी वाद्य खिळखिळं केलं. डागडुजी होत राहिली, पण समूळ दुरुस्तीला 1973 उजाडावं लागलं. त्या वर्षी ऑर्गन सुटा करून जर्मनीत बॉन शहरातल्या क्लाइस या कारखान्यात नेला गेला. जर्मनीच्या कोरड्या थंडीत बांबू तडकला असता, म्हणून तिथे फिलिपिन्ससारखी उष्ण, दमट हवा राखणारी खास खोली तयार केली. काही नळ्यांचं काम जपानमध्ये झालं. मार्च 1975 मध्ये वाद्य घरी परतलं आणि गावाने त्याचं जल्लोषात स्वागत केलं. जीर्णोद्धाराच्या बहुतेक कहाण्या इथे संपतात. आपल्याकडेही देवळाची वर्गणी कळस चढेपर्यंत जोरात असते. पावसाळ्यात गळणाऱ्या छपरासाठी पुन्हा कोणी पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही. तुटक्या नळीचा फोटो पत्रकावर छापता येतो, सूर लावणाऱ्याच्या पगाराचा येत नाही. पण लास पिन्यासचं खरं कर्तृत्व 1975 नंतरचं आहे. जुन्या ऑर्गनसाठी निधी मागायचा तर तो दुरुस्तीपुरता न मागता वाद्य वाजतं ठेवण्यासाठी मागावा, हे तिथे दिसतं.

वाद्य परतल्यावर आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सव सुरू झाला. तो दर फेब्रुवारीत भरतो. त्यामुळे वर्षातून एकदा तरी प्रत्येक नळी सुरात असणं ही गरज होऊन बसते. चर्चच्या बाल गायकवृंदातून पुढे आलेले आर्मांदो सालार्सा ऑस्ट्रियात शिकून आले आणि याच ऑर्गनचे मुख्य वादक झाले. 1994 मध्ये मूळ कारागिराचंच नाव घेऊन ऑर्गन बांधणारी आणि दुरुस्त करणारी एक स्थानिक कार्यशाळा उभी राहिली. बोहोल बेटावरच्या बाक्लायोनसारख्या गावांतले स्पॅनिश काळातले ऑर्गन तिने पुन्हा बोलते केले. एका वाद्यावरचा खर्च असा दुसऱ्या वाद्यांच्याही कामी आला.

गरीब देशाने परक्या सत्तेच्या काळातल्या वाद्यावर पैसा का घालावा, असं कोणी विचारील, आणि हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. काम परदेशात होतं तोवर मजुरीही परदेशी हातांत जाते, हे कबूल करायलाच हवं. पण म्हणूनच तर कार्यशाळा मोलाची. पुढच्या दुरुस्तीची मजुरी ती देशातच ठेवते. आणि परकेपणाचं म्हणावं, तर पेटीही परदेशातूनच आली होती. तिच्यावर अभंग वाजताना कोणी तिचं मूळ गाव विचारत नाही. दुसरा आक्षेप सोपा वाटतो : इलेक्ट्रॉनिक ऑर्गन स्वस्तात मिळतो, तोच का घेऊ नये? प्रार्थनेपुरता जरूर घ्यावा. मात्र त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले की तो भंगारात जातो, तर बांबूची नळी बिघडली तर तिच्या शेजारी दुसरी घडवता येते, घडवणारा हात तेवढा शिल्लक हवा. त्या हाताला वर्षभर काम देणं हाच खर्चातला मोठा आकडा, आणि आवाहनपत्रकात तो पहिल्या ओळीत असायला हवा. दिएगो सेराच्या पाखरांना किलबिलायचं तर त्यांच्या भांड्यात आधी कोणीतरी पाणी ओतावं लागतं.